गिताबाईच्या चुलीतला विस्तव

काडीपेटी गिताबाईची, काडी गिताबाईची, फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे तेही गिताबाईचेच. आणि जाळ धरला रे धरला की शेजारच्या दारातून थोरली जाऊ अनसाबाई हातात गोवरी घेऊन हजर.

"गिता, वाईच इस्तू दे गं."

दोन निखारे गोवरीवर घ्यायची आणि निघून जायची. भाऊ वेगळे निघाल्यापासून अनसाबाईनं काडीपेटी विकत घेतलेली कवठे गावात कुणी पाहिली नव्हती.

नवे पैसे सुरू होऊन वर्ष झालं तरी गावातल्या बायका अजून आण्यातच बोलत. अनसाबाई बोलतच नसे, नुसती साठवायची. विरलेलं लुगडं मधून कापून, दांड घालून पुन्हा नेसायची. पाहुणा आला तरी चहा गुळाचा. अशानं तिनं म्हैस घेतली, आणि आता म्हशीच्या तुपावर घराला पत्रे घालायला निघाली होती.

धाकटीकडे सगळा उलटा कारभार. नवऱ्याला, ज्ञानूला, दिवसातून चारदा साखरेचा चहा, बाजारात गेला की भजी. गिताबाईला स्वतःला बांगड्यांचा सोस. कासार दिसला की हात पुढे. "आम्ही आपली खाऊनपिऊन सुखी," असं ती चारचौघीत म्हणायची. कसली सुखी! जावेच्या गोठ्यात धारेचा आवाज सुरू झाला की हिच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्यात म्हशीला यंदा रेडी झाली होती. ती आता दूध सोडून चाऱ्याला लागली, आणि अनसाबाईकडे चारा एकाच जनावरापुरता. तेव्हा रेडी ती कुणाला तरी अर्धलीनं देणार, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पोसणाऱ्यानं पोसायची, ती व्याली की निम्मी मालकी त्याची. पैसा न मोजता दारात म्हैस! गिताबाईनं मनातल्या मनात दावं बांधूनसुद्धा ठेवलं होतं. पण मागायचं मात्र नाही. जावेपुढे हात पसरायचा? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. सख्खी जाऊ आहे, आपणहून देईल.

आणि मग शिरूरहून पत्र्यांची गाडी आली. ज्ञानूनं भावाला पत्रे उतरवायला हात दिला, घरी येऊन चहाची बशी तोंडाला लावली आणि म्हणाला, "वैनीनं संसार करून दाखीवला बग."

गिताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आन् मी काय माती खाल्ली? माज्या इस्तवावर तिनं पत्रं घातलं, ते न्हाई दिसलं तुमास्नी?"

"इस्तवानं पत्रं येत्यात व्हय?"

"येत्यात! रोजची एक काडी. जोडा हिशेब."

ज्ञानूला काही तो जोडता येईना. गिताबाईलाही येईना, पण तिचं काही अडलं नाही. नव्या पत्र्यांवर ऊन पडलं की ती चकाकी थेट तिच्या अंगणात यायची, आणि तेवढा पुरावा तिला बास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल नुकती पेटली होती. अनसाबाई दारात आली.

"गिता, इस्तू दे. आन् बोलायचं बी व्हतं वाईच."

गिताबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. "इस्तू न्हाई. चूलच पेटली न्हाई आज."

तिच्या मागे छपरातून भसाभस धूर निघत होता. अनसाबाईनं वर धुराकडे पाहिलं, मग जावेकडे पाहिलं. विस्तवाला नाही म्हणायची गावात रीत नव्हती. बांधावरून डोकी फुटलेली माणसंसुद्धा एकमेकांना विस्तव देत.

"बरं," एवढंच म्हणून ती कोरी गोवरी घेऊन वळली.

गिताबाईला कोण आनंद झाला! त्या दिवशीच्या भाकऱ्या तिनं अशा थापल्या की काठवट हलत होती. घे म्हणावं आता काडीपेटी! आणि बोलायचं काय होतं हिला? पत्र्यांचा तोरा मिरवायचा असेल, दुसरं काय.

न्याहारी उरकून ती भांडी घासत होती, तेव्हा आळीच्या टोकाला राहणारी साळूबाई समोरून चालली होती. हातात कासरा, कासऱ्याला रेडी.

"कुनाची गं?" गिताबाईनं विचारलं. ओळखू आली होती तरी विचारलं.

"अनसाबाईंची. अर्धलीनं दिली मला." साळूबाईच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "कवा न्हाई त्या आज इस्तू न्यायाला आल्या माज्याकडं. म्हनल्या, रेडी धाकटीलाच द्यायची व्हती, तेच सांगाया गेलते. पर तिच्या घरात इस्तवाचा तुटवडा पडलाय. मुकं जनावर तितं काय खाईल?"

रेडी निघून गेली. गिताबाईच्या हातातली राख हातातच वाळली.

ज्ञानू ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. बायकोला बोलायची त्याची छाती नव्हती, पण आज बोलला. "इस्तू दिला तरी काडी एकच लागती, गिता. न्हाई दिला तरी एकच."

त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही. तेवढी काटकसर त्या घरात झाली.

रेडी आता मोठी झाली आहे. यंदा गाभण राहील म्हणतात. गिताबाई अजूनही आळीत सगळ्यांच्या आधी चूल पेटवते, लाल निखारे पुढे ओढून ठेवते आणि दार सताड उघडं टाकते. अनसाबाई गोवरी घेऊन समोरून येते. आणि सरळ साळूबाईच्या घराकडे जाते.