स्तामेनाआजींच्या उजव्या कानातले यंत्र

मी एक जुने श्रवणयंत्र आहे. मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यावर मी थेट स्तामेनाआजींच्या उजव्या कानात बसले. डावा कान कधीचाच गेला होता. शेजारच्या कोंबड्या, चुलीवर भाजणाऱ्या मिरच्यांची तडतड, सून रुम्यानाची बडबड, सारे त्यांच्यापर्यंत माझ्यामार्फत पोचायचे.

माझ्यात फोनसाठी तांब्याच्या तारेचे एक वेटोळे आहे. बटण तिकडे सरकवले की विजेच्या तारांची गुणगुण ऐकू येते. आजींनी ही गंमत मुलाला, ओग्न्यानला सांगितली. तो कलावंत. घरी यंत्रे जुळवायची आणि ती वाजवत गावोगाव चालायचे, हे त्याचे काम. मागून रुम्याना बॅटऱ्यांची पिशवी वाहायची.

एक मार्चला त्याने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आईच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला आणि मला मागून घेतले. वसंतातला पहिला करकोचा दिसला की हा दोरा सोडतात. त्याच दिवशी यंत्र परत देईन, असे त्याने कबूल केले.

हलव्याच्या रिकाम्या डब्यात माझी जोडणी झाली. माणसांच्या बोलण्याने तारांचा सूर बिघडतो म्हणून ओग्न्यानने माझा मायक्रोफोन कापून टाकला. लोक हेडफोनमधून तारांची गुणगुण ऐकत आमच्यामागे डोंगरातून चालू लागले. वर्तमानपत्रांनी कौतुक केले.

महिनाअखेरीस आजींना नदीवर करकोचा दिसला. दोरा सोडून त्या मुलाकडे आल्या. आईला ओठांवरून कळावे म्हणून त्याने ते सावकाश हलवले.

"बगळा असेल गं आई. तुला काय कळतंय?"

"कान गेलेत माझे, डोळे नाही."

नवे यंत्र घेऊ, असे तो मग दर महिन्याला म्हणत राहिला. एकदा रुम्यानाने सुनावले, "विजेचे खांब काय म्हणतात ते अख्ख्या गावाला ऐकवतोस. आईंना मी जेवायला हाक मारते, ती कोण ऐकवणार?"

शरदात प्लोवदिव शहराच्या चौकात मोठा कार्यक्रम झाला. ओग्न्यानने मानाचे हेडफोन आईच्या डोक्यावर चढवले आणि आवाज पूर्ण वाढवला. चौकातल्या तारा माझ्यातून गुणगुणल्या. आजींचा चेहरा उजळला. ओग्न्यान मागून वाकून काहीतरी बोलला. मायक्रोफोन नव्हता, त्यामुळे त्यातला एकही शब्द माझ्यातून आजींपर्यंत गेला नाही. आजींनी वळून पाहिले.

"बोल ना रे," त्या म्हणाल्या. "आता यंत्र लावलंय मी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू उघडून नवे काही जरूर करा. फक्त आधी पाहा, ती कोणाच्या कानात आहे.