चौथा ग्लास

"आता बोल, कोनता कुठला?" बायाबाईने विचारले.

पाटावर चहाचे तीन काचेचे ग्लास होते. मुलाने हॉटेलातून आणलेल्या कोणत्या बाटलीतली वाईन कोणत्यात ओतली, हे तिलाच ठाऊक. लिलाधरने पहिला ग्लास उजेडाकडे धरला, घोट तोंडात घोळवला. "हिरड्या आवळून राहिल्या. बोर्दो." दुसरा फिकट, आंबटसर. "बर्गंडी." तिसरा जिभेला ऊन लागला. "रोन."

"तिन्ही बराबर!" बायाबाई हरखली. हे सारे फ्रान्समधले मुलूख; फ्रान्स कुठे आहे, तिला माहीत नव्हते. पण मुलुखागणिक चव बदलते हे तिला तात्काळ पटले. शहापुरात मासळी विकताना, मासा बोडीतला, म्हणजे गावतळ्यातला, की नदीतला, हे ती फडके न उचलता, नुसत्या वासावरून सांगत असे.

सोमवारी नागपूरच्या हॉटेलात लिलाधरची परीक्षा होती. डोळे बांधून, केवळ वासावरून मुलूख ओळखायचा. जमले तर वाईन वाढणाऱ्यांत जागा; नाहीतर उष्ट्या बशा होत्याच.

"मंग आता डोळे मीट. पेऊ नोको, नुसता हुंग."

तिला गंमत सुचली. चौथ्या ग्लासात मूठभर वाळलेली मोहफुले टाकून तिने वर ऊन पाणी ओतले. गोड, जडसर दरवळाने खोली भरली. लहानपणी या वासामागे तो पहाटे अनवाणी धावत सुटे.

लिलाधरने दीर्घ श्वास घेतला.

"रोन," तो सावकाश म्हणाला. "मिऱ्याचा वास येऊन राहिला."

बायाबाईचे हसू ओठांवर आले आणि तिथेच विझले.

"बाबू, कवापासून?"

त्याने डोळे उघडले. ग्लासात तरंगणारी फुले पाहिली. म्हणाला, "मांगच्या तापापासून वासच नाई येत. रंगावरून, जिभेवरून निभवून राहिलो. मिरे वहीतले."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू कोनाले बी हटकून सांगतं नं, माय, पोराले माह्यावानी नाक हाये म्हनून."

जन्मात दारूला न शिवलेल्या बायाबाईने पदर खोचला आणि पहिला ग्लास नाकाशी नेला.

"वही काढ. लिही. जुनं लाकूड. त्याच्या मांगं पिकलं जांभूळ." मग दुसरा. "हा बोडी आटल्यावरच्या मातीसारखा. थंडगार. वंगाळ नाई." तिसऱ्यापाशी ती थबकली. "अन् याच्यात मिरे हायेत, बाबू. खरंच हायेत."

पेन्सिल थांबली होती. बायाबाईने वर पाहिले. लिलाधर तिच्या फुललेल्या नाकपुड्यांकडे एकटक पाहत होता.

"अजून सांग," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले आणि पुन्हा श्वास घेतला.