एकोणीस वर्षं बिनविरोध

या, पुढे या. मागच्या बाकांवर बसून गोष्ट कळत नाही, प्रवचनही कळत नाही. एका खुर्चीची गोष्ट सांगतो, आणि तिच्यावर एकोणीस वर्षं बसलेल्या माणसाची. कोणाचा तिरस्कार करू नये अशी देवाची आज्ञा आहे. मी मनापासून प्रयत्न करतो, पण ड्वेन स्टफलबीन काही साथ देत नाही.

आमच्या मिझुरीतल्या कॉटनवुड फोर्कचं स्वतःचं अग्निशमन मंडळ आहे. तीन संचालक, दोन बंब, एक टँकर आणि आम्ही चौदा फुकट राबणारे गडी. कुठली गाडी कुठे उभी करायची, हे ते तिघं ठरवतात. तिघांपैकी एकालाही नळीचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं हे सांगता येणार नाही. ड्वेन अध्यक्ष. बाकीचे दोघं म्हणजे त्याचा हात वर गेला की ज्यांचे हात आपोआप वर जातात असे दोन कोट.

गाव रुळांनी दुभागलंय. बंबघर दक्षिणेला. उत्तरेला चाळीसेक घरं, आणि मध्ये फाटक, जिथे धान्याची मालगाडी मनाला येईल तितका वेळ उभी राहते. ऑक्टोबरात शाळेतल्या ओपलबाईंचं घर पेटलं तेव्हा बंब मी चालवत होतो. पस्तीस मिनिटं आम्ही फाटकात उभे राहून डब्यांच्या फटीतून धूर पाहिला. गाडी हलली तोवर धुराडं तेवढं उरलं होतं. बाई एप्रनवरच अंगणात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "तुझा काय दोष, बाळा." त्या शब्दांनी मला जास्त भाजलं.

उत्तरेलाच व्हर्ना टॅकेट राहते. तिचा नवरा हॉलिस अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. आग लागली तर तिला एकटीला तो खाटेवरून उचलता यायचा नाही. म्हणून ती मंडळाच्या बैठकीला गेली. जनतेला बोलायला तीन मिनिटं मिळतात.

"टँकर माझ्या कोठारात ठेवा," ती म्हणाली. "वासरांसाठी शेगडी असते तिथे, पाणी गोठणार नाही. भाडं नको, काही नको."

"टँकर कोठारात?" ड्वेन खुर्चीत रेलला. "व्हर्ना, उद्या म्हणशील, कोंबड्या इथे आणून ठेवते."

दोन कोट हसले.

"चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत आपल्या तिन्ही गाड्या एका रांगेत निघतात," तो पुढे म्हणाला. "लोकांना ते बघायचं असतं."

"ओपलला नव्हतं बघायचं."

"तुझी तीन मिनिटं झाली."

ती तीन महिने गेली. तीनदा तीन मिनिटं बोलली, तीनदा परत आली.

आता हा मनुष्य खुर्चीवर आला कसा, ते ऐका. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी, संध्याकाळी पाचपर्यंत, ज्याला संचालक व्हायचंय त्याने बंबघराच्या कचेरीत चिटणिसाकडे अर्ज द्यायचा. एका जागेला एकच अर्ज आला तर मतदान होत नाही, तोच निवडून आला. यंदा मुदत संपत होती ती फक्त ड्वेनच्या जागेची. ड्वेनला आजवर कोणी एक मत दिलेलं नाही. त्याच्या बायकोनेसुद्धा नाही. तरी तो "जनतेने मला निवडलं" असं म्हणताना छातीवर हात ठेवतो.

अर्जाची सूचना दारावर लावावी असा नियम आहे. त्याने ती लावलीही, पण आतल्या दारावर, जिथे नळ्या वाळत घालतात. नळ्या मीच वाळत घालतो. मी व्हर्नाला सांगितलं.

त्या मंगळवारी दुपारी एकला आम्ही गेलो तर कचेरीला कुलूप. काचेतून अंधार. समोर आपल्या पिकअपमध्ये ड्वेन सँडविच खात बसलेला.

"लोरीनला सुट्टी दिलीय," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं खपली बिचारी. उद्या या."

लोरीन म्हणजे चिटणीस. व्हर्नाने फोनवर फोन लावले. शेवटी तिची बहीण जॉन्सी सापडली, उत्तरेची, आणि लोरीन तिच्याकडे होती. आम्ही पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात बसली होती, डोक्यावर केस कुरळे करायच्या गुंडाळ्या, गळ्याभोवती टॉवेल.

"अर्ज घे," व्हर्ना म्हणाली.

"इथे नाही घेता येत गं. कचेरीत, असं लिहिलंय. मीच टाइप केलंय."

"मग चल कचेरीत."

"अशी? जॉन्सीने अजून अर्धं डोकं केलं नाहीये!"

व्हर्ना दार उघडं धरून उभी राहिली. लोरीनने बहिणीकडे पाहिलं, खिडकीतून पलीकडच्या घरांकडे पाहिलं, आणि किल्ल्या उचलल्या. "त्याने मला सुट्टी दिली तेव्हाच वास यायला हवा होता. माझ्या बापाच्या मयताला दिली नव्हती मेल्याने."

आणि फाटकात मालगाडी उभी.

चार वाजून वीस मिनिटं. मी इंजिन बंद केलं. साडेचार झाले, मग चाळीस. लोरीन दार उघडून खाली उतरली.

"लोरीन, बाई, गाडी कधीही हलेल," मी म्हणालो.

"तर मग लवकर चल," ती म्हणाली, आणि साठी उलटलेली ती बाई दोन डबे जिथे एकमेकांत अडकवतात त्या लोखंडावर चढली. पलीकडे उतरताना पाय निसटला, गुडघा खडीवर आपटला. ओठ चावून उठली. व्हर्ना तिच्यामागे, मी शेवटी. तसेच चालत गेलो, ती लंगडत, गुंडाळ्या घरंगळत.

ड्वेन पिकअपमधून उतरला. "तुला सुट्टी दिली होती ना?"

"संपली," लोरीन म्हणाली आणि कुलूप काढलं. व्हर्नाच्या अर्जावर शिक्का मारला : चार वाजून चौपन्न. मग ड्रॉवरमधून एक कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं.

"तुमचा?"

"माझा काय?"

"अर्ज. दर वेळी मी टाइप करते, तुम्ही सही करता. यंदा मी सुट्टीवर होते."

ड्वेन हसला. "मी अध्यक्ष आहे, लोरीन. मी माझ्याच खुर्चीसाठी अर्ज करू? या कोंबडीवालीच्या पाठोपाठ रांगेत?"

"सही करा, ड्वेन. सहा मिनिटं आहेत."

मी शपथेवर सांगतो, तिने प्रामाणिकपणे सांगितलं. एक सही हवी होती. त्याऐवजी त्याने आम्हांला बंबघराच्या कोनशिलेवर कोणाचं नाव आहे ते सांगितलं. मिरवणुकीत पुढच्या गाडीत कोण बसतं ते सांगितलं. मग वकिलाला फोन लावला, आणि वकील "सही करून टाक" म्हणत असताना त्याच्यावरही ओरडला. आमचे पाद्री प्रवचन सुरात गायला लागले की शेवटच्या ओळीला सगळं चर्च श्वास धरतं. तसे आम्ही तिघं घड्याळाकडे बघत उभे होतो. पाच वाजले. लोरीनने कोरा अर्ज उचलून परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

एप्रिलमध्ये व्हर्ना संचालक झाली. मतदान झालं नाही, म्हणजे तिलाही कोणी मत दिलं नाही. पहिल्याच बैठकीत तिने टँकरचा ठराव मांडला. दोन्ही कोटांनी इकडेतिकडे पाहिलं, ड्वेन दिसला नाही, म्हणून तिच्या हाताकडे पाहून हात वर केले. काही महिन्यांपूर्वी हेच दोघं कोंबड्यांना हसले होते.

टँकर आता तिच्या कोठारात असतो. हॉलिसला खाटेवरून, खिडकीतून टँकरचं नाक दिसतं.

लोरीनचा गुडघा मात्र काही बरा झाला नाही. गायनवृंदाच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. ती खाली पहिल्या बाकावर बसून गाते. रविवारी प्रार्थनेला गुडघे टेकाल, तेव्हा तिची आठवण ठेवा.