मूर्तीचे पाय

आमच्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिक कार्यक्रमात राजाच्या स्वप्नाचं नाटक करायचं ठरलं आणि राजा म्हणून पाळकांनी मला निवडलं. राजाला नाटकभर झोपायचं होतं. प्रवचनाच्या वेळी पाळकांनी मला इतक्यांदा झोपलेलं पाहिलं होतं की माझी तालीम घ्यायची गरज त्यांना वाटली नाही.

शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, ते स्वप्न असं. राजाला एक अवाढव्य मूर्ती दिसते. डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट पितळेचं, तंगड्या लोखंडाच्या आणि पावलं थोडी लोखंडाची, थोडी मातीची. मग कोणाचाही हात न लागता सुटलेला एक धोंडा येऊन त्या पावलांवर आदळतो आणि मूर्तीचा भुगा होतो. माणसांची राज्यं अशीच एकामागून एक जायची, टिकायचं ते देवाचं राज्य, असा त्याचा अर्थ.

पाळकांना पुठ्ठ्याची मूर्ती नको होती. डोक्यासाठी त्यांनी बायकोचं दुधाचं पातेलं उचललं आणि सोनेरी रंगवलं. त्या दिवसापासून घरात चहा बंद झाला. छातीला पत्रा मिळाला, पोटाला एक पितळी हंडा. पावलं मात्र पाळकांनी मुद्दाम मंडळीतल्या दोन व्याह्यांवर सोपवली.

मुलाचे वडील वेल्डर, फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारे. मुलीचे वडील कुंभार, त्यांचा कुंड्यांचा कारखाना. लग्नात वेल्डरनी स्वतः बनवलेलं लोखंडी कपाट दिलं, ते जोडप्याच्या खोलीच्या दारातून आत जाईना. कुंभार म्हणाले, आता कपाटात घर बसवा. वेल्डर म्हणाले, निदान ते तुमच्या माठांसारखं गळणार नाही. तेव्हापासून दोघांत अबोला. कपाट अजून जिन्याखाली होतं आणि निरोप पोचवायचं काम मुलीकडे आलं होतं.

पाळकांचा हिशेब सरळ होता. मूर्तीची पावलं म्हणजे जी राज्यं, ती लग्नसंबंधांनी एकत्र येतील, पण लोखंड मातीशी एकजीव होत नाही तशी ती एकमेकांना धरून राहणार नाहीत, असं शास्त्रातच आहे. या दोघांनी केलेली पावलं नक्की फुटणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आम्हालाही नव्हती.

वेल्डरनी सळ्यांचा सांगाडा केला आणि मापं सुनेबरोबर पाठवली. कुंभारांनी त्या मापाची पोकळ पावलं करून भाजली. सांगाडा आत शिरेना. वेल्डर म्हणाले, साधी टेप वाचता येत नाही. कुंभार म्हणाले, माती वाळताना आणि भाजताना आटते एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, माप कच्च्याचं की भाजल्यानंतरचं ते सांगायला नको? दोन्ही उत्तरं मुलीनं इमानानं पोचवली. तिसऱ्या फेरीला ती वडिलांना हाताला धरून वेल्डिंगच्या दुकानात घेऊन आली आणि म्हणाली, "आता मला मध्ये घालू नका. मी माहेरची पण नाही आणि सासरची पण नाही. मी घरी चालले."

सुरुवातीला दोघं सांगाड्याशीच बोलत होते, असं समोरचा न्हावी सांगतो. म्हणजे कुंभार सळीकडे बघून म्हणायचे, इथे जागा ठेवायला हवी, आणि वेल्डर सळीलाच उत्तर द्यायचे. दुसऱ्या दिवशी वाद पेटला तो बोटांवरून. अंगठे कोणाचे, लोखंडाचे की मातीचे? शेवटी एकेक वाटून घेतला. मग कुंभारांनी बोटांना नखं काढली, तर वेल्डरनी लोखंडी बोटांनाही नखं घासून काढली. पोकळीत काँक्रीट ओतायची कल्पना कोणाची, यावर दोघं अजून एकमेकांकडे बोट दाखवतात. मूर्ती पडायची आहे, हे मात्र दोघंही साफ विसरले.

कार्यक्रमाच्या दिवशी चर्चचं अंगण भरलं होतं. मी खाटेवर झोपलो, एक डोळा किलकिला ठेवून. धोंडा म्हणजे वाळू भरलेलं मोठं पोतं, झाडाला दोरानं टांगलेलं. पाळकांनी भरदार आवाजात धोंड्याचं वाक्य वाचलं, पोतं सुटलं आणि पावलांवर आदळलं. धप्प. मूर्ती हलली नाही.

पाळकांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा हळू. पोतं आणखी मागे नेऊन सोडलं. या खेपेला पोतंच फाटलं. सगळी वाळू माझ्या खाटेवर आली आणि वरचं पातेलं निसटून गडगडत पाळकांच्या बायकोपुढे येऊन थांबलं. त्यांनी ते उचललं, पोचा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं.

पाळकांनी दोघा व्याह्यांना पुढे बोलावलं आणि आता हातानंच ढकला असं दबक्या आवाजात सांगितलं.

वेल्डरनी पावलांवरून हात फिरवला. "नाही पडणार, साहेब," ते म्हणाले. "व्याह्यांनी भाजलेली माती आहे."

कुंभार खाली बघत म्हणाले, "जोड व्याह्यांचा आहे. माझं त्यात काही नाही."

मागच्या रांगेत त्यांची मुलगी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग सगळं अंगणच हसायला लागलं. मी राजा असल्यामुळे मला हसता येईना. पोट धरून झोपून राहिलो.

पाळकांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "हात न लागता पडेल असं लिहिलंय. आपण हात लावला, तिथेच चुकलो." इतकं छोटं प्रवचन त्यांनी आजवर दिलं नव्हतं. मी ते पूर्ण जागेपणी ऐकलं.

मूर्ती बिनडोक्याची अंगणात उभीच आहे. ती हलवायची कशी, हे कोणाला कळत नाही. परवा मात्र पाळकांच्या दारात दोघं व्याही टेप घेऊन हजर झाले. पुढल्या खेपेला शास्त्रातल्या दुसऱ्या स्वप्नातली, समुद्रातून वर येणारी चार श्वापदं करू, म्हणाले. चौथ्याची दहा शिंगं लोखंडाची असावीत की मातीची, यावर फाटकापासूनच त्यांचं जुंपलं होतं. पाळक घरात नाहीत, असं त्यांना सांगण्यात आलं. सांगितलं ते पाळकांनीच.