तेवीस पानांची करणी

भिवंडीजवळच्या शेलार गावात केसरीनाथशेठच्या गोदामासमोर त्या रविवारी सकाळी दीडशे माणसं दाटीवाटीनं उभी होती. टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार, माऊसवर हळदकुंकू आणि कीबोर्डवर चिरलेलं लिंबू. समोर भगव्या शालीत नेटनाथ महाराज. नारपोलीत मी कॉम्प्युटरचे क्लास घेते. व्हायरस लागलेली मशीनं मी ढिगानं पाहिलीत, पण करणी झालेलं मशीन पहिल्यांदाच पाहत होते.

"बाधा सर्व्हरात शिरली आहे!" महाराज गरजले. "सर्व्हरातून वायरीत, वायरीतून तुमच्या साईटीत! वैरी घरातलाच आहे. कपाळ पांढरं आहे त्याचं!"

दीडशे माना फाटकाकडे वळल्या. तिथं दोन पिशव्या मांडीशी धरून राहीबाई बसली होती. केसरीनाथशेठच्या थोरल्या भावाची ही विधवा. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा केसरीनाथ सातवीत होता; त्याचे डबे तिनंच भरले. नवरा गेल्यावर सात नंबरचा गाळा तिच्या नावावर झाला. आज पूजा झाली की तिनं गाळ्याची किल्ली ठेवायची आणि अंबाडीला माहेरी निघून जायचं, असं घरात ठरलं होतं.

हे सगळं एका वेबसाईटपायी. वर्षापूर्वी, २००७ साली, शेठच्या मुलानं, दीपेशनं ती बनवली. दीपेश माझा विद्यार्थी, आणि खोटं कशाला सांगू, लाडका विद्यार्थी. भिवंडीत भाड्यानं गोदाम कुणी गूगलवर शोधलं की शेठची साईट तिसऱ्या नंबरावर यायची. मुंबईच्या, गुजरातच्या कंपन्या फोन करायच्या. आणि मग भाऊबंद जागे झाले. आम्हा आगरी लोकांत हळदीच्या पत्रिकेत एका चुलत्याचं जरी नाव राहिलं तरी तो मांडवात पाय ठेवत नाही. तोच कायदा साईटला लागला. "त्याचा पान हाय, मंग माजा का न्हाय?" करत करत तेवीस पानं झाली. तेवीस फोटो, तेवीस नावं, आणि खाली मजकूर शब्दन् शब्द तोच: भिवंडीत गोदाम भाड्याने मिळेल. शेवटचं पान राहीबाईचं. ते लागलं त्या सुमारास कंपन्यांचे फोन यायचे बंद झाले. कुणीतरी दोन्ही गोष्टींची गाठ मारली, आणि गावाला तेवढं पुरलं.

"तेविसावं पान पुसा!" महाराज ओरडले. दीपेशनं ते पुसलं. महाराजांनी पडद्यावर हात ठेवून कसलासा मंत्र पुटपुटला. "आता शोध, बाळा."

दीपेशनं बटण दाबलं. पडद्यावर यादी झळकली आणि सगळ्यात वर शेठची साईट! "पैला नंबर! पैला नंबर!" म्हणत लोकांनी उड्या मारल्या. बायकांनी पडद्याला हात लावून ते कपाळाला लावले. केसरीनाथशेठ डोळे पुसत होते.

मला खटकलं ते एवढंच, की यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. शेलारला नेट कसं चालतं ते मला माहीत आहे; पान उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. मी टेबलामागं गेले, टेलिफोनची वायर उपटली आणि म्हटलं, "दीपेश, पुन्हा दाब."

"मॅडम, नको ना."

"दाब."

तो दाबेना, म्हणून मीच दाबलं. यादी पुन्हा झळकली. पहिला नंबर. वायर माझ्या हातात लोंबत होती.

"शेठ, नेट बंद आहे," मी म्हणाले. "हे गूगल नाही. गूगलच्या पानासारखं एक पान बनवून या मशीनमध्ये आधीच ठेवलंय. बघायचंय? दुसरं काहीही शोधा. 'म्हैस' शोधा." मी म्हैस शोधली. पडद्यावर पुन्हा शेठचंच गोदाम.

लोक आधी हसले, मग त्यांनी महाराजांकडे पाहिलं. "अश्रद्धेमुळे शक्ती निघून गेली," असं म्हणत महाराजांनी शाल सावरली आणि लिंबू तसंच टाकून मोटारसायकलला किक मारली.

केसरीनाथशेठनं मुलाकडे पाहिलं. "दीपेश, ह्यो काय परकार हाय?"

दीपेशची मान वर होईना. "पप्पा, साईट माझ्यामुळंच पडली. तेवीस पानांनी पडली. मला कळलं होतं, पण आता कुणाचं पान काढणार? सगळे तुटून पडले असते. महाराज बोलले, ते बघून घेतील. मी फक्त गूगलसारखं एक पान बनवून द्यायचं."

"आणि काकीचं नाव?" मी विचारलं.

"मी नाव नाय घेतलं, मॅडम. त्यांनी विचारलं, घरात विधवा कोण आहे. मी सांगितलं."

एका विषयाला एकच पान, हे मीच त्याला फळ्यावर लिहून शिकवलं होतं. त्यानं ते वहीत उतरवून घेतलेलं मी पाहिलं होतं. माझा हात शिवशिवला. माझंच शिक्षण वापरून या पोरानं स्वतःच्या काकीला चेटकीण ठरवलं होतं, आणि ती फाटकाशी बसून त्याच्याकडेच बघत होती.

गर्दीत जुने पंचायत सदस्य हिरामणदादा होते. मी त्यांना विचारलं, "दादा, एका वॉर्डात एकाच घरातले तेवीस जण उभे राहिले, तर निवडून कोण येईल?"

"कोन येतंय! मतां फुटतीन आनि भायरचा येल."

"साईटचं तेच झालं. गूगलला तुमच्या घरातून तेवीस सारखी पानं दिसतात. खरं पान कुठलं, हे त्याला ठरवता येत नाही. बाहेरच्या साईटी तुमची जी शिफारस करतात, तीही तेवीस ठिकाणी वाटली जाते. मग एकही पान वर चढत नाही. गोदाम भाड्यानं देण्याचं पान एकच ठेवा, सगळ्यांची नावं त्यावरच घाला. बाकीच्या पत्त्यांवर येणाऱ्या माणसाला आपोआप त्या एका पानाकडे वळवा. ज्या गाळ्यात खरंच काही वेगळं आहे, कापडाच्या गाठी राहतात, दाराशी मोठा ट्रेलर लागतो, त्याचंच वेगळं पान करा, आणि त्यावर तेवढंच लिहा. मंत्र लागत नाही. पण गूगल पुन्हा येऊन वाचेपर्यंत दोन-तीन महिने जातील, तेवढं थांबा."

केसरीनाथशेठ फाटकापाशी गेले. "वैनी, चल घरान. चूक झाली."

राहीबाई उठली. "भावजी, मशीनला कललं न्हाय खरा कोन नि खोटा कोन, मशीनच हाय ती. तुमी तर माज्या हातचा जेवलाव." तिनं पिशव्या उचलल्या. "मी अंबाडीला जानार न्हाय. गाला माजा हाय, मी तितंच रानार. पन तुमच्या उंबऱ्यात पाय न्हाय ठेवनार."

सात नंबरचं शटर तिनं एकटीनं वर केलं. कुणी मदतीला पुढं झालं नाही. तोंड नव्हतं कुणाला.

आम्ही पानं एकत्र केली, आणि अडीच महिन्यांनी साईट चौथ्या नंबरावर आली. कंपन्यांचे फोन पुन्हा सुरू झाले. राहीबाई मात्र सात नंबरातच स्वतःचा स्टोव्ह पेटवते.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. धंदा पडला, दुखणं आलं, मशीन बिघडलं, तर आधी कारण शोधा. आपल्याला कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला विचारा, आणि तो सांगेल तेही स्वतः तपासून बघा. कुणी महाराज घरातल्या बाईकडे बोट दाखवायला लागला, तर पुरावा मागा, तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर. शेलारला मी वायर उपटली ती यादी झळकल्यावर. राहीबाईच्या पिशव्या त्याआधीच भरून झाल्या होत्या.