काचेवरचं दुखणं

"इथं डोळा लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संयोगितानं सूक्ष्मदर्शकावर वाकून पाहिलं. निळसर पसाऱ्यात तपकिरी डागांची दाटी होती.

"ऑपरेशनात तुमच्या अंडाशयावरून काढलेला तुकडा हा. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजल्यात. तपकिरी दिसतंय तिथं एक प्रथिन जास्त आहे. पेशींना चिकटून राहायला, रक्तवाहिन्या ओढून घ्यायला ते मदत करत असावं, असा आमचा अंदाज आहे."

"मग त्ये बंद करायचं औषद?"

"अजून नाही. त्यासाठीच अभ्यास चाललाय. पण त्याचा तुम्हाला उपयोग होईलच, असं नाही सांगता येत."

"माझ्यामागनं कुणाला तरी हुईल की," संयोगिता म्हणाली.

लग्न झाल्यापासून पाळी आली, की उसातलं तण भांगलता भांगलता ती सरीतच बसायची. सासू राहीबाई म्हणायच्या, "बाईच्या जातीला दुखतंच. तुझंच लय कवतिक." नवरा जयराज लष्करात. तो फोनवर म्हणायचा, "आई म्हणती तसं कर." आज ते दुखणं काचेवर उतरलं होतं.

"आत्ती, तुमीबी बगा की."

शेजारी उभ्या राहीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. बराच वेळ मान वर केली नाही.

"एवढं हुतं व्हय पोटात?" त्या पुटपुटल्या.

संयोगिताला रडूच फुटलं.

घरी परतताना आष्ट्याच्या एसटीत सांगलीचा पूल मागं पडला, तशा राहीबाई तिच्या कानाशी लागल्या. "मला पटलं गं. पर भावकीत बोलू नगंस. मूल न्हाई म्हणून आदीच टोचत्यात. आजाराचं नाव कळलं, तर जयराजला दुसरी बगा म्हणत्याल."

आजवर संयोगिताचं कुणी मानत नव्हतं. आता मानलं, तर तोंडाला टाका पडला.

काही महिने बरे गेले. मग कळा परत आल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुचवल्या होत्या. पण गोळ्या चालू असेतो दिवस जाणार नाहीत हे कळल्यावर घरानं त्या घेऊ दिल्या नाहीत. दर महिन्याला माजघराचं दार लोटून ती आत पडून राहायची आणि राहीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "तिला ताप हाय."

त्या दुपारी मात्र कळ बाहेरच्या सोप्यातच आली. ती तिथल्याच खाटेवर आडवी झाली. नेमक्या त्याच वेळी चुलतसासू विजयमाला उंबरा ओलांडून आत आल्या.

"काय गं, सून दिवसा झोपलीया?"

"ताप हाय जरा," राहीबाई घाईनं म्हणाल्या.

"ताप न्हाई, काकी," संयोगिता म्हणाली. "पोटातला आजार हाय. एंडोमेट्रिओसिस म्हणत्यात त्येला. बरा हुईल का, ठावं न्हाई."

राहीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

वडीलधारं माणूस घरात आलं होतं, उठून पाया पडायला हवं होतं. संयोगितानं कोपरावर जोर दिला. पण कंबर उचलेना. मग पडल्या पडल्याच तिनं हात जोडले.