लेस्टनमामा रिकाम्या हातानं निघाले

प्रवास ठरला की लेस्टनमामांचं पोट बिघडायचं. एकदा गाडीत बसले की ते निवांत असत. पण बसेपर्यंत कुलूप लावलं का, शिलाई मशीन झाकलं का, पाकीट कुठल्या खिशात, असा घोर लागायचा आणि अर्ध्या वाटेवरून ते दोनदा घरी परत यायचे. लिलोंग्वेत व्हरांड्यात मशीन टाकून बसलेला हा शिंपी लोकांच्या कोटाची बाही सूतभरही चुकू देत नसे, स्वतःची गाडी मात्र हमखास चुकवायचा.

तीन वर्षांपूर्वी ही सवय महागात पडली. बहिणीच्या थोरलीचं, लवनेसचं, चिन्खोस्वे, म्हणजे सोयरिकीचा विधी, झोंबाला होतं. दोन्हीकडच्या मामांनी कोंबडा आणि कोंबडी एकमेकांच्या हाती दिली की सोयरीक पक्की होते, आणि पुढे संसारात काही बिनसलं तर मुलीनं त्याच मामाच्या दारात जायचं असतं. लेस्टनमामा पोचले तेव्हा मंडळी हात धुऊन जेवायला बसली होती. कोंबडी त्यांच्या चुलतभावानं, बिझविकनं, देऊन टाकली होती. तो झोंबातच राहतो, बहिणीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. पुढे लवनेसचं नवऱ्याशी वाजलं तेव्हा ती बिझविककडे गेली आणि समेटही त्यानंच घडवला. लेस्टनमामांना हे दोन महिन्यांनी कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. त्यांना फार लागलं. त्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले.

आता धाकटी तियामिके. शनिवारी दुपारी बारा वाजता, झोंबालाच. ही मामांची जास्त लाडकी, पहिलीपासूनचा तिचा गणवेश त्यांच्या हातचा. या खेपेला उशीर झाला तर हीसुद्धा बिझविकची होणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

बायकोनं, एनिफानं, सूत्रं हाती घेतली. प्रवासाचा ताण कसा घालवावा यावर रेडिओवर एक बाई बोलल्या होत्या, ते तिनं मन लावून ऐकलं होतं. सामान कमी तेवढी काळजी कमी, जमलं तर पुढे पाठवून द्यावं. आदल्या दिवशी रस्ता एकदा चालून बघावा. स्टँडवर लवकर पोचावं, रेटारेटी करणाऱ्यांशी हुज्जत घालू नये, डोळे मिटून सावकाश श्वास घ्यावा. एनिफानं यातलं एक अक्षर सोडलं नाही. गुरुवारी शेजारची मेरियास झोंबाला निघाली होती. तिच्याबरोबर मामांचा सूट, बूट, नवरीचं कापड आणि टोपलीतली पांढरी कोंबडी रवाना झाली.

"आता हरवायला तुमच्याजवळ फक्त तुम्हीच उरलात," एनिफा म्हणाली.

शुक्रवारी मामा घड्याळ लावून स्टँडपर्यंत चालत जाऊन आले. पस्तीस मिनिटं लागली. वाटेत भेटलेल्यांनी कुठे निघालात म्हणून विचारलं, तर उद्या निघायचंय म्हणाले. लोकांनी पुढे काही विचारलं नाही.

शनिवारी साडेपाचला ते स्टँडवर हजर. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात भाडं आणि फोन, हात मोकळे. पोटसुद्धा ठीक, याचंच त्यांना नवल वाटत होतं. झोंबाची मिनीबस रिकामी उभी होती. गाडी भरली की सुटणार, त्याआधी नाही, पण सातला सुटली तरी बारापर्यंत पोचण्यासारखं होतं. गाडी भरणाऱ्या माणसाला सांगून मामा दाराजवळच्या खिडकीशी बसले आणि डोळे मिटून त्यांनी सावकाश श्वास घ्यायला सुरुवात केली.

साडेसहापर्यंत गाडीत पाच जण झाले. मामांना बरं वाटलं. मग गाठोडं घेतलेली एक म्हातारी आत चढली आणि मागचा एकजण उतरून गेला. दुसरी बाई आली, शेजारचा उतरला. हे भाड्यानं बसवलेले लोक. गाडी भरल्यासारखी दिसावी म्हणून स्टँडवाले त्यांना बसवतात हे मामांनाही ठाऊक होतं, त्यामुळे ते मनातल्या मनात हसले. पण पुढचं त्यांना उमगेना. येणारा प्रत्येकजण दारात वाकायचा, आधी त्यांच्याकडे बघायचा, मग त्यांच्या पायाशी बघायचा आणि मागे फिरून पलीकडच्या गाडीत जाऊन बसायचा. त्यांनी चपलांखाली पाहिलं, कुठे काही लागलं नव्हतं. शर्टाची बटणं तपासली, ती बरोबर होती. सात वाजले. पलीकडची गाडी भरून निघून गेली, तिच्या जागी दुसरी लागली आणि तीही भरत आली.

आपण चुकीच्या गाडीत तर नाही? त्यांनी उतरून पाटी वाचली. झोंबा. परत चढले. म्हातारीला विचारलं, ती म्हणाली झोंबालाच. तिनंही त्यांच्याकडे असं पाहिलं की मामांना वाटलं, हिला आपलं नावही सांगू नये. रेडिओवरच्या बाई म्हणाल्या होत्या, अशा वेळी श्वासाकडे लक्ष द्या. मामांनी पुन्हा डोळे मिटले आणि ओठांवर हसू आणलं.

आठाच्या सुमाराला मात्र चमत्कार झाल्यासारखी माणसं आली. चटया, पोती, मक्याच्या पिठाच्या पिशव्या घेऊन एकाच गावचे आठनऊ लोक, ते फार बघत बसले नाहीत. गाडी गच्च भरली. शेवटी एक लठ्ठ गृहस्थ दारात उभे राहिले आणि गाडी भरणाऱ्यानं मामांच्या खांद्यावर थाप मारली. हा सकाळचा माणूस नव्हता, पाळी बदलून दुसरा आला होता.

"चला बाबा, उतरा. झालं तुमचं काम," तो म्हणाला आणि त्यानं मामांच्या हातात एक चुरगळलेली नोट कोंबली.

मामांना कळेना की नोट कसली. भाडं तर अजून द्यायचं होतं, मग परत कसलं मिळतंय? हुज्जत घालायची नाही हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ते खाली उतरले, नोट कशाची म्हणून विचारायला वळले, तोवर लठ्ठ गृहस्थ आत गेले होते, दार सरकलं होतं आणि गाडी हललीही होती. ते मागे धावले. "अहो, मी जाणाराय!" ते ओरडले. मागच्या काचेतून म्हातारी त्यांच्याकडे बघून हसली.

चहाच्या टपरीवरची बाई सगळं पाहत होती. मामांनी तिच्यापुढे नोट धरली आणि विचारलं, हे काय आहे.

"तुमची मजुरी," ती म्हणाली. "अडीच तास बसलात ना."

"मी प्रवासी आहे. भाचीचं चिन्खोस्वे आहे माझ्या. मी मामा आहे."

बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मामा? आणि हातात पिशवी नाही, कोंबडी नाही. डोळे मिटून हसत काय बसला होतात! झोंबाला जाणारा माणूस कधी असा दिसतो का? मला वाटलं, या गाडीवाल्यांनी नवीन माणूस ठेवलाय, चांगला इस्त्रीचा."

मामा खाली फळीवर बसले. सगळं त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं होतं, आणि सगळं केल्यामुळेच हे झालं होतं. याचा राग कुणावर काढावा? एनिफावर काढवेना. मग त्यांनी समोरच्या बाजारातून रताळ्यांचं एक पोतं घेतलं, भलं मोठं, आणि ते कवटाळून पुढच्या गाडीत शिरले. चेहऱ्यावर काळजी आणावी लागली नाही. ती गाडी पाऊण तासात भरली.

वाटेत देद्झाजवळ बहिणीचा, दोरिकाचा, फोन आला. मुलाकडची मंडळी येऊन बसली होती, त्यांना उजेडात मांगोचीला परत जायचं होतं. दोरिका रागावली नाही. तू ये सावकाश, असं म्हणाली, आणि त्या सावकाशनं मामांचं काळीज चिरलं. एक वाजता पुन्हा फोन वाजला. तो त्यांनी उचलला नाही. काय सांगणार ते त्यांना माहीत होतं.

अडीचला ते अंगणात शिरले. खांद्यावर पोतं, शर्ट घामानं चिकटलेला. लोक हात धुऊन जेवायला बसले होते. बिझविक चटईच्या मधोमध होता आणि त्यानं उठून जागा दिली, तीही इतक्या चांगुलपणानं की मामांना त्याच्यावर रागावताही येईना. कुणी पोत्याबद्दल विचारलं. रताळी, मामा म्हणाले.

हात धुवायच्या निमित्तानं ते घरामागे गेले. तियामिके मागोमाग आली, नव्या कापडात. हे कापड तरी आपण पाठवलेलं, एवढंच मामांच्या मनात आलं. तिला सकाळची हकीकत सांगावी असं त्यांना वाटलं. नोट खिशातच होती, ती काढून त्यांनी तिला दाखवली आणि परत ठेवली. तिला काही कळलं नाही.

"मी एक वाजेपर्यंत अडवून धरलं होतं सगळ्यांना," ती म्हणाली. "मग आई रडायला लागली."

"बरोबर केलंस. बिझविक चांगला माणूस आहे. काही झालं तर तो..."

"मामा, ऐका. चटईवर बसायला बिझविकमामा बसले. पण माझं घरी वाजलं ना, तर मी लिलोंग्वेला येणार. त्यांच्याकडे नाही जायची."

"अगं, तशी रीत नाही. आणि पाच तासांचा रस्ता आहे."

"असू दे. प्रवास मी करीन. तुम्ही कुठे जायला निघू नका, फक्त घरी सापडा."

ती आत गेली. ही माया होती की टोमणा, मामांना ठरवता येईना. ते तिथेच ओल्या हातांनी उभे राहिले, आणि तिचं कधी वाजूच नये असं वाटत असतानाच, व्हरांड्यात मशीनशेजारी अजून एक खुर्ची कुठे मावेल याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झाला होता.